हलत्या जमिनीवरचे पट्टे

अंधेरीचे भवन्स, विद्याविहारचे सोमैया किंवा मुलुंडचे वझे-केळकर अशा एखाद्या कॉलेजात फिजिक्स घेऊन शिकलेल्या माणसासमोर ‘न्यूटन्स रिंग्ज’ हे दोन शब्द उच्चारले, की त्याला आधी आठवतो तो पिवळा उजेड. अंधारी केलेली खोली, नीट पेटायला काही मिनिटे घेणारा सोडियमचा दिवा, सपाट काचेवर ठेवलेले किंचित फुगीर भिंग आणि त्यावर रोखलेला ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोप. आत डोकावले की एकात एक काळी-पिवळी वर्तुळे. ती एका बाजूने दुसऱ्या बाजूला मोजत जायचे. मध्येच स्क्रू उलटा फिरवला तर ‘बॅकलॅश एरर येईल’ म्हणून ओरडा बसणार. मग व्यासाचा वर्ग आणि वर्तुळाचा क्रमांक यांचा आलेख, त्याचा चढ, जर्नलवर सही. आणि तोंडी परीक्षेला हमखास येणारा प्रश्न: मधला ठिपका काळा का?

उत्तर बहुतेकांनी पाठ केलेले असते, आणि पाठ केल्यामुळेच त्यातली गंमत निसटते. भिंग आणि खालची काच यांच्यामध्ये हवेची पातळ फट असते. फटीच्या वरच्या कडेवरून थोडा प्रकाश परततो, खालच्या कडेवरून थोडा. दोन्ही लाटा पुन्हा एकत्र येतात तेव्हा शिखरावर शिखर पडले तर उजेड वाढतो, शिखर खळग्यात पडले तर प्रकाशात प्रकाश मिळूनही काळोख होतो. हवेतून आलेली लाट काचेवर आपटून परतते तेव्हा ती उलटी होते. म्हणून भिंग जिथे काचेला टेकलेले असते, फट जिथे जवळपास शून्य असते, तिथेच काळे दिसते. एका काळ्या वर्तुळापासून पुढच्या काळ्या वर्तुळापर्यंत ही फट फक्त अर्ध्या तरंगलांबीने वाढते. सोडियमच्या ५८९ नॅनोमीटर प्रकाशात ती वाढ झाली सुमारे २९५ नॅनोमीटर. माणसाचा केस ७० मायक्रोमीटर जाडीचा धरला, तर त्या जाडीत असे जवळजवळ २४० टप्पे बसतात. कॉलेजातल्या पितळी मायक्रोस्कोपला केसाचा दोनशे चाळिसावा भाग दिसण्याची शक्यताच नाही. वर्तुळे मोजणाऱ्या पोराला मात्र तो सहज मोजता येतो.

या घटनेला मराठी पाठ्यपुस्तके व्यतिकरण म्हणतात, प्रयोगशाळेतले लोक इंटरफेरन्स म्हणतात. ती पाहायला प्रयोगशाळेत जावे लागत नाही. पहिल्या पावसात सिग्नलपाशी साचलेल्या पाण्यावर रिक्षातून गळलेल्या तेलाचे जे रंग फिरतात ते व्यतिकरणाचे. चष्म्याच्या दुकानात ‘अँटीग्लेअर टाकू का?’ असे विचारतात, त्या काचेवरची हिरवट झाक व्यतिकरणाची. दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्या पाव भागाएवढे थर काचेवर चढवून परतणाऱ्या लाटा एकमेकींकडूनच मारवलेल्या असतात. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात फुलांवर लोंबकळणाऱ्या नर शिंजिराच्या अंगावरची धातूसारखी चमकही पिसांतल्या सूक्ष्म थरांनी केलेले व्यतिकरणच आहे. पुढची प्रकरणे या रंगांविषयी फारशी नाहीत. ती मोजण्याविषयी आणि पाहण्याविषयी आहेत: लाटांच्या या बेरीज-वजाबाकीचा उपयोग करून माणसाने काय काय मोजले, कुठे कुठे डोकावून पाहिले, आणि त्यासाठी काय खस्ता खाल्ल्या.

खस्ता हा शब्द मुद्दाम वापरला आहे. व्यतिकरणाचे तत्त्व बारावीच्या पुस्तकात दोन पानांत संपते. खरा इतिहास आहे तो थरथरीशी झालेल्या भांडणाचा. जी पट्टी केसाच्या दोनशे चाळिसाव्या भागाला एक खूण देते, ती पट्टी शेजारून कोणी चालत गेले तरी हलते. उपनगरांतल्या कॉलेजांत न्यूटनची वर्तुळे पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिली, याचे एक कारण अभ्यासक्रमात नसून टेबलावर आहे. त्यात भिंग थेट काचेवर बसलेले असते. इमारत हलली तर दोघेही एकदम हलतात, मधली फट तशीच राहते. एम. एस्सी.च्या खोलीतल्या मायकेल्सनच्या उपकरणात मात्र प्रकाशाच्या दोन वाटा वेगवेगळ्या दिशांना जातात आणि दोन वेगळ्या आरशांवरून परततात. तिथे मागच्या बाकावरचा विद्यार्थी उठला तरी व्यतिकरणाचे काळे-उजळ पट्टे नाचायला लागतात. ते शांत होईपर्यंत वाट पाहण्यात प्रॅक्टिकलचा बराच वेळ जातो.

न्यूटनने ही वर्तुळे बारकाईने मोजली आणि १७०४ च्या ‘ऑप्टिक्स’मध्ये ती मांडली, पण प्रकाश ही लाट आहे हे त्याला मान्य नव्हते. वर्तुळांचा खरा अर्थ लावला तो सुमारे १०० वर्षांनी एका डॉक्टरने. थॉमस यंग लंडनमध्ये वैद्यकी करत असे, आणि जवळचे-दूरचे पाहताना डोळ्याचे भिंग आकार कसे बदलते यावर त्याचे काम होते. १८०१ मध्ये रॉयल सोसायटीपुढच्या व्याख्यानात त्याने लाटांच्या बेरजेची कल्पना मांडली. १८०३ मध्ये खिडकीच्या फळीला बारीक छिद्र पाडून, आत आलेल्या सूर्याच्या कवडशात इंचाच्या तिसाव्या भागाएवढे रुंद कार्ड धरून, त्याने सावलीतले पट्टे दाखवले. कार्डाच्या एका बाजूचा प्रकाश अडवला की पट्टे नाहीसे व्हायचे. इंग्लंडमध्ये न्यूटनच्या विरोधात बोलणे त्या काळी परवडणारे नव्हते. ‘एडिंबरो रिव्ह्यू’मध्ये हेन्री ब्रूमने त्याची अशी काही सालटी काढली, की त्या कल्पनेला मान मिळायला बरीच वर्षे जावी लागली. तिच्या मागे उभा होता डोळ्यांचा अभ्यास करणारा माणूस, हे लक्षात ठेवण्याजोगे. तीच कल्पना १९० वर्षांनी डोळ्याकडेच परत येणार होती.

तिच्यातून मोजमापाचे यंत्र घडवले अल्बर्ट मायकेल्सनने. १८८१ मध्ये बर्लिनच्या प्रयोगशाळेत त्याने आपला इंटरफेरोमीटर मांडला. अवकाशभर पसरलेल्या मानलेल्या ‘ईथर’मधून पृथ्वी जाते का, हे त्याला तपासायचे होते. बर्लिनच्या रहदारीने पट्टे रात्रीसुद्धा स्थिर राहीनात. शेवटी त्याने उपकरण शहराबाहेर पॉट्सडॅमच्या वेधशाळेत हलवले. तिथेही १०० मीटर अंतरावर फरसबंदीवर कोणी पाय आपटला की पट्टे पार पुसून जात, अशी नोंद त्याने करून ठेवली आहे. १८८७ मध्ये क्लीव्हलंडला एडवर्ड मॉर्लीबरोबर त्याने जो प्रयोग केला, त्यात वालुकाश्माची दीडेक मीटर लांब-रुंद जाड शिळा पाऱ्यावर तरंगवली आणि तिच्यावर आरसे बसवले. ईथर असता तर पट्टे एका पट्ट्याच्या चार दशांशाइतके सरकायला हवे होते. ते त्याच्या विसाव्या हिश्शाइतकेही सरकले नाहीत. विज्ञानाच्या इतिहासातला हा सर्वांत गाजलेला नकार. पण अभियांत्रिकीच्या नजरेने पाहिले तर मोठी गोष्ट नकाराच्या अलीकडेच आहे: त्या शिळेवर, त्या पाऱ्यावर, पट्टे मोजण्याइतके स्थिर राहिले.

यंत्र हाती आल्यावर मायकेल्सन ते घेऊन पॅरिसजवळच्या सेव्हरला गेला. तिथल्या आंतरराष्ट्रीय वजन-माप कार्यालयात प्लॅटिनम-इरिडियमचा तो प्रसिद्ध मीटर ठेवलेला होता. १८९२-९३ मध्ये त्याने त्या दांड्याची लांबी कॅडमियमच्या तांबड्या प्रकाशाच्या तरंगलांब्यांत मोजली आणि आकडा आला १५ लाख ५३ हजार १६३ आणि वर अर्धा. धातूचा दांडा हरवला किंवा वाकला तरी मीटर आता हरवणार नव्हता. १९६० मध्ये जगाने मीटरची व्याख्याच क्रिप्टन-८६ च्या नारिंगी प्रकाशाच्या १६,५०,७६३.७३ तरंगलांब्या अशी ठरवली. १९८३ पासून व्याख्या प्रकाशाच्या वेगावर टेकलेली आहे, पण प्रत्यक्ष लांबी मोजताना आजही लेझर आणि इंटरफेरोमीटरच कामाला येतात.

या सेव्हरच्या गोष्टीचे शेवटचे टोक साकीनाका-मरोळच्या गल्ल्यांपर्यंत येते. लालबहादूर शास्त्री मार्गावरचे मोठे कारखाने बहुतेक मॉल आणि टॉवरांच्या खाली गेले, तरी छोट्या टूलरूम अजून आहेत. तिथल्या माणसाला ‘स्लिप गेज’ सांगावा लागत नाही: पोलादाचे गुळगुळीत ठोकळे, एकमेकांवर दाबून सरकवले की चिकटून बसणारे. त्यांच्या लांबीवर वर्कशॉपमधली इतर मापे तपासली जातात, आणि ठोकळ्यांची लांबी तपासली जाते ती प्रकाशाच्या पट्ट्यांनी. पंपाच्या मेकॅनिकल सीलची घासून सपाट केलेली चकती तपासायची तर तिच्यावर ‘ऑप्टिकल फ्लॅट’ नावाची तंतोतंत सपाट काच ठेवतात आणि एकाच रंगाच्या दिव्याखाली धरतात. पट्टे सरळ आले तर चकती सपाट. कमानदार आले तर किती पट्ट्यांची कमान ते मोजायचे. कामगार त्याला ‘लाइट बँड’ म्हणतात. एक बँड म्हणजे तीन दशांश मायक्रॉनच्या आत-बाहेर. न्यूटनच्या वर्तुळांचे जर्नल कधी न लिहिलेला माणूस तोच प्रयोग रोज करत असतो, आणि कॉलेजातल्यापेक्षा जास्त सफाईने.

सीएनसी मशिन अचूक सरकते का हे पाहायला हेलियम-निऑन लेझरचा ६३३ नॅनोमीटरचा तांबडा झोत लावतात. आरसा मशिनच्या सरकत्या भागावर बसवायचा आणि जाणारे पट्टे मोजायचे. इथे थरथरीच्या जोडीला मुंबईची हवा आडवी येते. हवेचे तापमान एका अंशाने बदलले तर मीटरमागे साधारण एक मायक्रॉनची चूक शिरते, कारण हवेत प्रकाशाची तरंगलांबी बदलते. पोलाद तर मीटरमागे दर अंशाला ११-१२ मायक्रॉनने वाढते. लांबीच्या मोजमापाचे ठरलेले जागतिक तापमान २० अंश सेल्सियस. मे महिन्यातल्या अंधेरीत २० अंश म्हणजे दिवसरात्र चालणारा एसी आणि दार उघडे टाकणाऱ्याला शिव्या. अचूकतेचे बिल या शहरात विजेच्या मीटरवर येते.

पट्टे मोजण्यापलीकडे व्यतिकरणाने चित्र काढायला सुरुवात केली, तेव्हा ते सामान्य माणसाच्या आयुष्यात शिरले. घाटकोपर, मुलुंड, बोरिवली, कुठल्याही उपनगरातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात मधुमेहाच्या रुग्णाला ‘ओसीटी काढून या’ असे सांगितले जाते. पूर्ण नाव ऑप्टिकल कोहिरन्स टोमोग्राफी. १९९१ मध्ये मॅसेच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधल्या जेम्स फुजिमोटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मांडली. त्या निबंधाचे पहिले नाव होते डेव्हिड ह्वांग यांचे. हनुवटी टेकवायची, आतल्या खुणेकडे बघत राहायचे, पापणी मिटायची नाही. दुखत नाही, टोचत नाही. काही क्षणांत पडद्यावर डोळ्याच्या पडद्याचा आडवा छेद येतो, त्यातले थर जमिनीत खणलेल्या चराच्या भिंतीसारखे वेगवेगळे दिसतात, आणि पडद्याला सूज आहे की नाही हे डॉक्टर मायक्रॉनमध्ये सांगतात.

यामागे व्यतिकरणाचा एक अवगुणच गुण होऊन वापरला आहे. लेझरसारख्या शुद्ध प्रकाशात दोन वाटांच्या लांबीत बराच फरक असला तरी पट्टे दिसतात. पण प्रकाशात अनेक तरंगलांब्यांची सरमिसळ असली, तर दोन्ही वाटा काही मायक्रॉनच्या आत सारख्या झाल्या तरच पट्टे उमटतात, नाहीतर सगळे एकमेकांत विरून जाते. ओसीटीत मुद्दाम असा सरमिसळ प्रकाश, बहुधा ८४० नॅनोमीटरच्या आसपासचा अवरक्त, घेतात. त्याचा एक भाग आरशाकडे जातो, दुसरा डोळ्यात. डोळ्यातल्या ज्या खोलीवरून परतलेला प्रकाश आरशावरून परतलेल्या प्रकाशाशी जुळतो, त्याच खोलीचे पट्टे दिसतात. म्हणजे खोली आपोआप वेगळी काढली जाते. पडद्याच्या मध्यभागाची जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास असते. तेवढ्यात पाच मायक्रॉनचे थर सुटे दिसणे म्हणजे काय, हे मधुमेहाने सुजलेल्या पडद्यात इंजेक्शन घेणाऱ्या रुग्णाला विचारावे. सूज उतरली की नाही, पुढचे इंजेक्शन कधी, हे या चित्रावरून ठरते.

आणि डोळा तर हलतो. नजर कितीही रोखली तरी तो बारीक हिसके मारत राहतो. पॉट्सडॅमला पळून जाण्याची किंवा पाऱ्यावर तरंगण्याची सोय इथे नाही. सुरुवातीच्या यंत्रांत प्रत्येक खोलीसाठी आरसा पुढेमागे सरकवावा लागे. २००० च्या दशकातले प्रचलित यंत्र सेकंदाला खोलीच्या ४०० उभ्या रेषा घेई, आणि ५१२ रेषांचे एक चित्र पुरे व्हायला सव्वा सेकंदाहून अधिक लागे. तेवढ्यात डोळा सरकून चित्रात लाटा यायच्या. मग आरसा सरकवणेच बंद झाले. परतलेला प्रकाश रंगांत फोडून, त्या वर्णपटावरच्या पट्ट्यांचे गणित करून सर्व खोल्यांची माहिती एकदम काढण्याची पद्धत आली, आणि २००६ च्या सुमारास दवाखान्यांत दाखल झालेली यंत्रे सेकंदाला वीस हजारांहून जास्त रेषा घेऊ लागली. थरथर थांबवता येत नव्हती, म्हणून तिच्याहून वेगाने पळाले. हेच तंत्र १,३०० नॅनोमीटरच्या आसपासच्या प्रकाशात बारीक नळीच्या टोकाला बसवून हृदयाच्या धमनीतही नेतात. रक्तातून हा प्रकाश नीट जात नाही, म्हणून क्षणभर दुसरा द्रव सोडून रक्त बाजूला सारायचे आणि तेवढ्यात स्टेंट भिंतीला नीट टेकला आहे का ते पाहून घ्यायचे.

थरथरीशी वागण्याची एक अगदी उलटी तऱ्हा घाटकोपरच्या डोक्यावरून रोज जाते. पश्चिमेचा वारा असला की सहारच्या धावपट्टीकडे उतरणारी विमाने कुर्ला-घाटकोपरच्या छपरांवरून खाली येतात. त्यांतल्या बहुतेक मोठ्या जेट विमानांच्या पोटात ‘रिंग लेझर जायरोस्कोप’ असतात: काचेसारख्या पदार्थाच्या ठोकळ्यात कोरलेली त्रिकोणी किंवा चौकोनी वाट, आणि तिच्यात एकमेकांविरुद्ध धावणारे दोन लेझर झोत. विमान वळले की एका झोताची वाट किंचित लांबते, दुसऱ्याची आखडते. दोघांच्या कंपनसंख्येत फरक पडतो आणि एकत्र आणल्यावर पट्टे सरकू लागतात. सरकणारे पट्टे मोजले की विमान किती वळले ते कळते. फ्रान्सच्या जॉर्ज सान्याकने १९१३ मध्ये हा परिणाम दाखवला, मायकेल्सनने हेन्री गेलबरोबर १९२५ मध्ये त्याच मार्गाने पृथ्वीचे स्वतःभोवती फिरणे मोजले. विमानातल्या जायरोत मात्र एक विचित्र अडचण निघाली. विमान फारच सावकाश वळत असले तर आरशांवरून इकडेतिकडे उडालेल्या प्रकाशामुळे दोन्ही झोत एकमेकांना धरून एकाच कंपनसंख्येवर अडकतात आणि पट्टे सरकतच नाहीत. यावर इंजिनिअरांनी काढलेला उपाय असा की संपूर्ण ठोकळाच सेकंदाला काही शे वेळा बारीकसा डावीकडे-उजवीकडे थरथरवत ठेवायचा, म्हणजे अडकायला फुरसतच मिळत नाही. मायकेल्सनने आयुष्यभर जिच्यापासून पळ काढला ती थरथर इथे पगारी नोकरीवर आहे.

मुंबईच्या उपनगरांतून या विषयाची सर्वांत मोठी वाट जाते ती पवईमार्गे मराठवाड्याकडे. तिची सुरुवात मात्र अमेरिकेतली.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लिव्हिंग्स्टन आणि हॅनफर्ड इथल्या लायगो या प्रकल्पाच्या दोन यंत्रांनी गुरुत्वलहर, म्हणजे अवकाशालाच किंचित ताणत-आकसत जाणारी लाट, टिपली. सूर्याच्या सुमारे ३६ आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे १३० कोटी प्रकाशवर्षांवर एकमेकांत मिसळली होती, आणि त्यात तीन सूर्यांएवढे वस्तुमान लहरींच्या रूपाने उधळले गेले होते. लहर एका यंत्रानंतर दुसऱ्यावर सुमारे सात सहस्रांश सेकंदांनी पोचली. लायगो हा मायकेल्सनचाच इंटरफेरोमीटर आहे, फक्त प्रत्येक बाहू चार किलोमीटरचा. पृथ्वी गोल असल्यामुळे एवढ्या अंतरात जमीन मीटरभर खाली वाकते, आणि प्रकाशाची नळी सरळ ठेवण्यासाठी बांधकामात त्याची भरपाई करावी लागते. बाहूच्या दोन टोकांच्या आरशांमध्ये झोत शेकडो फेऱ्या मारतो. दोन्ही बाहूंतून परतलेल्या लाटा बाहेर पडताना जवळजवळ पूर्ण एकमेकींना खाऊन टाकतील अशी रचना असते, म्हणजे तोंडी परीक्षेतला तो काळा ठिपका इथे मुद्दाम राखलेला असतो, आणि त्यातून निसटणाऱ्या प्रकाशात बातमी असते. त्या दिवशीची बातमी होती बाहूच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या काही सहस्रांश भागाएवढ्या बदलाची.

असा संकेत गोंगाटातून ओळखायचा तर तो कसा दिसेल याचा साचा आधी हवा. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत तेव्हा काम करणारे संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ मध्ये नेमके हेच मांडले होते: एकमेकांभोवती फिरत जवळ येणाऱ्या ताऱ्यांच्या लहरींसाठी कोणते साचे किती लागतील. तेव्हा लायगोची वीटही रचली गेली नव्हती, आणि गुरुत्वलहरींच्या मागे लागणे हे करिअर बुडवण्याचे लक्षण मानले जाई. धुरंधरांच्या विद्यार्थिनी अर्चना पै यांनी त्यांच्या आणि सुकांत बोस यांच्यासोबत २००१ मध्ये अनेक यंत्रांचे संकेत एकत्र जुळवून शोध घेण्याची पद्धत दिली. पै आज पवईच्या आयआयटीत आहेत. तिथेच वरुण भालेराव यांचा गट लडाखमधल्या हानले इथल्या ०.७ मीटरच्या ग्रोथ-इंडिया दुर्बिणीने लहरींच्या बातमीनंतर आकाशात काही उजळले का ते शोधतो. विहार आणि पवई तलावांच्या मधल्या त्या आवारातून दिवसरात्र येणाऱ्या सूचनांवर दुर्बीण वळवली जाते.

आकाशात नेमके कुठे पाहायचे हा प्रश्न मोठा आहे. दोन यंत्रे असली तर उगमाची जागा आकाशात लांबच लांब पट्ट्यावर पसरते. १७ ऑगस्ट २०१७ ला इटलीतले व्हर्गो हे तिसरे यंत्र सोबतीला होते, म्हणून न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची जागा सुमारे ३० चौरस अंशांत सापडली आणि जगभरच्या दुर्बिणी तिकडे वळल्या. यंत्रे एकमेकांपासून जितकी दूर, तितकी दिशा नेमकी. म्हणून भारतात तिसरे लायगो हवे होते. ११ फेब्रुवारी २०१६ ला पहिल्या लहरीची घोषणा झाली आणि १७ फेब्रुवारीला केंद्रीय मंत्रिमंडळाने लायगो-इंडियाला तत्त्वतः मान्यता दिली. २,६०० कोटी रुपयांची अंतिम मंजुरी एप्रिल २०२३ मध्ये आली, आणि २०३० पर्यंत काम पुरे करण्याचे उद्दिष्ट ठरले. जागा हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यातल्या दुधाळा गावाजवळ. आयुका, इंदूरचे राजा रामण्णा केंद्र, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि बांधकामासाठी मुंबईच्या अणुशक्तीनगरातले अणुऊर्जा खात्याचे संचालनालय, असा हा चौघांचा संसार आहे.

हिंगोली निवडण्यामागे मायकेल्सनचाच हिशेब आहे. शास्त्रज्ञांनी देशभर जागा धुंडाळल्या त्या मुख्यतः शांततेसाठी: जड रहदारी नको, रेल्वे जवळ नको, मोठे कारखाने नकोत, आणि तरी चार-चार किलोमीटर सपाट जमीन हवी. २०२४ मध्ये हिंगोली परिसराला साडेचारच्या आसपास तीव्रतेचे भूकंपाचे धक्के बसले, तेव्हा ‘हीच का शांत जागा?’ असे अनेकांनी विचारले. प्रश्न रास्त आहे, पण यंत्राचे दुखणे वेगळे. धक्का बसला तर प्रकाशाची जुळणी सुटते, ती पुन्हा लावावी लागते, काही तास जातात. रोजचे ट्रक आणि रोजच्या गाड्या मात्र दर तासाला संवेदनशीलता खात राहतात. लिव्हिंग्स्टनला जवळून जाणाऱ्या मालगाडीचा ठसा नोंदींत उमटतो. म्हणून ४० किलोचा प्रत्येक आरसा चार पायऱ्यांच्या लोलकाच्या तळाशी, अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक काचेच्या धाग्यांवर टांगलेला असतो, आणि त्याच्या वरचे चौथरे जमिनीच्या हालचालीच्या उलट हलून तिला मारत राहतात.

एवढे करूनही जे आत शिरते त्याची ओळख पटवणे हे पवई-पुण्यात बसून लायगोच्या नोंदी चाळणाऱ्यांचे निम्मे काम असते. लहर सापडण्याआधी ती लहर नाही हे शंभर वेळा तपासावे लागते. हॅनफर्डला उन्हाळ्यात काही विचित्र खटके नोंदींत यायला लागले; शोध घेतला तर द्रवरूप नायट्रोजनच्या नळीवर जमलेला बर्फ तहानलेले डोमकावळे चोचीने फोडत होते. नळीवर आवरण घालून तो प्रश्न मिटवला गेला. दुधाळ्याची अशी यादी अजून तयार व्हायची आहे. तिथे वळवाच्या विजा असतील, सोयाबीन काढणीचे ट्रॅक्टर असतील, औंढ्याच्या महाशिवरात्रीच्या यात्रेला येणाऱ्या एसटी गाड्या असतील, आणि कावळे तर असतीलच.